मॅन्युअल वाचणाऱ्या बाई

लग्नानंतरचा पहिला टीव्ही आम्ही बाईंना न विचारता घेतला, आणि त्याबद्दल बाईंनी मला पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं.

टीव्ही घरी आला त्या रविवारी त्या मुद्दाम बघायला आल्या. मी कौतुकानं टीव्हीसमोर खुर्ची मांडली. बाई बसल्याच नाहीत. त्या सरळ टीव्हीच्या मागे गेल्या, पदर खोचला, गुडघ्यांवर बसल्या आणि मागच्या जाळीला नाक लावून बराच वेळ आत बघत राहिल्या. पुढे पडद्यावर गाणी चालली होती. माझा नवरा हळूच मला म्हणाला, "समोरूनही दिसतो म्हणावं."

"समोरून सगळेच चांगले दिसतात," टीव्हीमागून आवाज आला. "बंद पडला तर उघडणार कोण?"

"कंपनीचा माणूस येईल ना," मी म्हटलं.

"कुठून?"

"दिल्लीहून."

बाई उठल्या, हात झटकले आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी दारात हत्ती आणून बांधलाय आणि माहूत दिल्लीला ठेवलाय. "पोरी, मधे पोलिसांचे नाके किती लागतात मोजलेस काय? अर्धे दिवस बस बंद असते. कर्फ्यू लागला तर तुझा माणूस पानिपतलाच उतरून घरी जाईल. काहून घेतला बाप्पा हा?"

टीव्ही तिसऱ्या महिन्यात बंद पडला. दिल्लीचा माणूस आला नाही. बाई आल्या. पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला, जाळी उघडली, फ्यूज बदलला, आतली धूळ माझ्याच पावडरच्या पफनं झटकली आणि चहा घेऊन गेल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "स्टॅबिलायझर घे. इथं संध्याकाळी सगळे कूलर लावतात नं, तेव्हा व्होल्टेज रडतं."

त्या वर्षांत चंदीगडमध्ये मराठी माणसं मोजकी. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर, विद्यापीठातले प्राध्यापक आणि आमच्यासारखी बदलीवर आलेली केंद्र सरकारी कुटुंबं. या सगळ्यांच्या घरात काहीही प्लगला लागायचं असेल, तर आधी बाईंना विचारायची पद्धत होती. बाई मूळच्या अमरावतीच्या. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, उंच, खणखणीत आवाजाच्या. सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. कुणी त्यावरून बोललं तर म्हणायच्या, "चपलेनं शॉक लागतो, बुटानं नाही." यात शास्त्र किती आणि सवय किती, हे मला अजून कळलेलं नाही.

एका सरकारी संशोधन संस्थेत त्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. संस्थेत पहिले दोन कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्याजवळ जायची कुणाची हिंमत होईना. बाईंनी खोक्यातली जाडजूड मॅन्युअलं घरी नेली, आठ दिवस रजा टाकून वाचून काढली आणि नवव्या दिवशी येऊन कॉम्प्युटर रूमच्या दाराला स्वतःच कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवली. तेव्हापासून त्या तिथल्या प्रमुख झाल्या. असा काही हुकूम कधी निघाल्याचं मला आठवत नाही.

मॅन्युअल हे बाईंचं खरं वेड. लोक वाचनालयातून कादंबऱ्या आणतात तशी त्या लोकांच्या घरून मॅन्युअलं आणायच्या. मिक्सरचं, कुकरचं, शिलाई मशीनचं, कुणाच्या तरी भावानं दुबईहून आणलेल्या व्हीसीआरचं. दोन दिवसांनी परत द्यायच्या तेव्हा त्यात शिसपेन्सिलीनं छपाईच्या चुका दुरुस्त केलेल्या असत. एका पंख्याच्या कंपनीला तर त्यांनी चुकांची यादीच पाठवली होती. कंपनीनं आभाराचं पत्र आणि एक कॅलेंडर पाठवलं. ते कॅलेंडर त्यांच्या भिंतीवर वर्ष उलटून गेलं तरी होतं.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरात यंत्र म्हणावं असं काहीच नव्हतं. एक टेबल फॅन आणि गॅसची शेगडी. टीव्ही नाही, फ्रिज नाही, रेडिओसुद्धा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मला कशाला? तुमच्या सगळ्यांचे आहेत नं बिघडायला."

गणपतीच्या दिवसांत मराठी मंडळाच्या हॉलवर आरती झाली, की प्रसादाच्या रांगेशेजारी बाईंपुढे दुसरी रांग लागायची. टू-इन-वन घेऊ का? "नको. टेप बिघडला की दुरुस्तीला रेडिओही जातो, दोघांना एकदम मुकशील." रिमोटचा टीव्ही? "आता टीव्ही लावायला उठतेस. मग रिमोट शोधायला उठशील." नवं मशीन घेतल्यावर खोकं ठेवायचं की टाकायचं? "वर्षभर ठेव. तुमची बदलीची नोकरी, खोकं टाकून कसं चालेल?" वॉरंटीचं कार्ड त्याच दिवशी भरायचं, दुकानदारासमोर भरायचं आणि त्याचाच पेन वापरायचा, हाही त्यांचा नियम होता. पेन का त्याचा, हे विचारल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तो आपल्याला विसरत नाही."

एक डॉक्टर मुलाला घेऊन आले होते. कॉम्प्युटरचा कोर्स लावावा का, असा प्रश्न. बाईंनी मुलाकडे बघितलं. "घड्याळ उघडतोस काय रे?"

मुलगा खूश होऊन म्हणाला, "हां जी, दो खोली हैं."

"वापस बिठाई?"

मुलगा बुटांकडे बघायला लागला. बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "अजून एक वर्ष थांबा."

मी या बाईंच्या हाताखाली आले ती टायपिस्ट म्हणून. दोन महिन्यांची तात्पुरती नेमणूक होती. साताऱ्याला असताना मी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, हात वेगात चालायचा. पंजाबभरच्या शेतांतून आलेल्या मातीच्या नमुन्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम मला मिळालं. मी महिनाभर खाली मान घालून आकडे भरले. महिन्यानंतर बेरजा काढल्या तर एकही बरोबर येईना. कुठे अर्धीच यायची, कुठे शून्य. ज्यांचे ते आकडे होते ते मोठे शास्त्रज्ञ तावातावानं कॉम्प्युटर रूममध्ये शिरले. म्हणाले, हे डबडं उचलून बाहेर ठेवा, मी कॅल्क्युलेटरवर करतो. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. नेमणूक संपायला तीन आठवडे उरले होते.

बाईंनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याजवळ स्टूल ओढलं. "टाइप कर. रोज करतेस तसंच," म्हणाल्या आणि माझ्या बोटांकडे बघत बसल्या. मी दहा मिनिटं टाइप केलं.

"थांब. एक लिही."

मी लिहिला.

"कुठलं बटण दाबलंस?"

मी बोट दाखवलं. साताऱ्याच्या ज्या टाइपरायटरवर मी शिकले त्याला एकच्या आकड्याचं बटणच नव्हतं. त्याऐवजी इंग्रजी लहान एल वापरायचा, तो कागदावर हुबेहूब एकसारखा दिसतो. सवयीनं इथेही मी महिनाभर एलच दाबत होते. माणसाला तो एक दिसत होता, पण यंत्राला ते अक्षर वाटत होतं आणि अक्षराची बेरीज होत नाही.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. बाई त्या शास्त्रज्ञांकडे वळल्या. "देखो सर, मशीन की गलती नहीं है, लड़की की भी नहीं. गलती टाइपरायटर की है और वो सातारा में है. उसको डाँटना है तो जाके आओ."

दुपारपर्यंत त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यानं हजारो एलचे एक करून टाकले. बेरजा जुळल्या. मला नंतर म्हणाल्या, "कॉम्प्युटर हुशार नसतो गं. तो फक्त आज्ञाधारक असतो. हुशार आपण राहायचं." माझी नेमणूक वाढली. पुढे बाई निवृत्त होऊन अमरावतीला गेल्या, तेव्हा त्या रूमची किल्ली त्यांनी भांडून माझ्याच हातात दिली. पदवी नाही म्हणून वर कुरकुर झाली होती. "पदवीनं प्रिंटरमधला अडकलेला कागद निघतो काय?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं आणि विषय संपला.

पण मला बाई आठवतात त्या एका जूनच्या दुपारच्या.

पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस ते; कसले होते हे तेव्हा तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. बसमध्ये, सिनेमात, बाजारात सगळीकडे तेच लिहिलेलं असे: बेवारस वस्तूला हात लावू नका. त्यात डबे, बॅगा आणि विशेषकरून ट्रान्झिस्टर आले. ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवल्याच्या बातम्या सगळ्यांच्या डोक्यात बसल्या होत्या. रस्त्यात पडलेला रेडिओ दिसला तर माणसं फुटपाथ बदलायची.

आमच्या संस्थेत मोहिंदरसिंग नावाचे स्टोअरकीपर होते. पंचेचाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, फिक्या निळ्या पगडीतले शीख गृहस्थ. काचेची भांडी, रसायनं, कागद, सगळं त्यांच्याकडून सही करून घ्यायचं. त्यांना एकच शौक, हॉकीची कॉमेंटरी. त्यासाठी चामड्याच्या कव्हरमधला एक जुना ट्रान्झिस्टर कायम त्यांच्या खांद्याला असायचा. आमच्या चहाच्या टोळीत ते रोज असत आणि बिस्किटं नेहमी तेच आणत.

त्या दुपारी मी फाटकाजवळच होते, पोस्टात टाकायची पाकिटं घेऊन निघालेली. बाहेर बस स्टॉपच्या बाकावर एक ट्रान्झिस्टर पडलेला कुणीतरी पाहिला. बाकावर माणूस नाही, आजूबाजूला कुणी नाही. ओरडा झाला. दोन मिनिटांत रस्ता रिकामा, दुकानांची शटर्स खाली आणि दहा मिनिटांत पोलीस. त्यांनी दोरी बांधली, सगळ्यांना फाटकाच्या आत रेटलं. बॉम्बशोधक पथकाला निरोप गेला.

तेवढ्यात मोहिंदरजी आतून धावत आले. "ओ जी, वो तो मेरा है! मैं बस से उतरा, बेंच पे बैठ के घर की चिट्ठी पढ़ी, जेब में रखी, रेडियो वहीं भूल गया!"

ते खरं बोलत होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण एका तरण्या शिपायानं त्यांचा दंड धरला. इन्स्पेक्टर पुढे आले. "आपका है? तो बताओ, इसमें क्या है?"

मोहिंदरजी गोंधळले. "रेडियो है जी."

"वो तो बाहर से दिख रहा है. अंदर क्या है?"

मोहिंदरजींनी वळून आमच्याकडे बघितलं. आम्ही वीसेक जण उभे होतो. रोज एका किटलीतला चहा पिणारे. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. माझ्या हातात पाकिटं होती आणि मी त्यांच्यावरचे पत्ते वाचत होते. इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना मान खाली जाते. इन्स्पेक्टर शिपायाला म्हणाले, "गाड़ी में बिठाओ इन्हें."

आणि मागून बाई आल्या. कॉम्प्युटर रूममध्ये बूट काढूनच बसायचं असे, तशाच अनवाणी निघून आल्या होत्या. जूनमधलं डांबर तापलेलं. त्या आमच्यामधून वाट काढत गेल्या, दोरीखालून वाकून पलीकडे झाल्या आणि त्यांनी मोहिंदरजींची बाही घट्ट धरली.

"इनको कहाँ ले जा रहे हो?"

"मॅडम, आप पीछे हटिए. खतरा है."

"अंदर क्या है, पूछ रहे थे नं? मैं बताती हूँ. ये रेडियो मैंने तीन बार खोला है. बॅटरी की स्प्रिंग टूटी है, उसकी जगह चॉकलेट की चाँदी की तह लगाई है. आवाज की घुंडी गुम हो गई थी, उसकी जगह टूथपेस्ट का ढक्कन है. सफेद. देख लो."

इन्स्पेक्टरनी दुर्बीण मागवली. बराच वेळ बाकाकडे बघत राहिले. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "ढक्कन तो है जी. सफेद है."

"तो फिर?"

"फिर भी टीम आने तक हम हाथ नहीं लगा सकते, मॅडमजी. और तब तक ये हमारे पास रहेंगे."

"ठीक है," बाई म्हणाल्या. "गाड़ी में नहीं. यहीं रहेंगे. मैं भी रहती हूँ."

आणि त्या उभ्या राहिल्या. भर उन्हात, अनवाणी, मोहिंदरजींची बाही न सोडता. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. मोहिंदरजी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मॅडमजी, आप जाओ, मॅडमजी, पैर जल जाएँगे." बाई त्यांच्याकडे लक्षच देत नव्हत्या.

मला काय झालं कोण जाणे. मी पाकिटं रखवालदाराच्या टेबलावर टाकली, धावत कॉम्प्युटर रूममध्ये गेले, बाईंचे कॅनव्हासचे बूट उचलले आणि दोरीखालून पलीकडे गेले. शिपाई ओरडला. मी म्हटलं, "सिर्फ जूते हैं जी," आणि ते उलटे करून झटकून दाखवले. बाईंच्या पायांशी ठेवले आणि परत न जाता मोहिंदरजींच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. मग मागून टायपिंगच्या सेक्शनमधली सुदेश आली. मग माझ्यावर तावातावानं आलेले तेच शास्त्रज्ञ, छत्री घेऊन. त्यांनी ती बाईंच्या डोक्यावर धरली. पथक येईपर्यंत दोरीच्या पलीकडे आम्ही नऊ जण झालो होतो आणि इन्स्पेक्टरनी आम्हाला हटवायचा नाद सोडून दिला होता.

पथकातल्या माणसानं जाड अंगरखा घालून रेडिओ उघडला. आम्हाला मागे झाडाआड नेलं होतं. थोड्या वेळानं तो अंगरखा काढून हातात एक चिठ्ठी घेऊन आला. "रेडियो ही है, साब. चाँदी का कागज भी है. और ये निकला," म्हणत त्यानं अडखळत वाचलं, "स्पी-कर-ची तार पु-न्हा जोडली. आवाज कमी ठे-वा." मान वर करून विचारलं, "ये कौन सी भाषा है?"

"मराठी है. मेरी चिठ्ठी है," बाई म्हणाल्या. "अगली बार जो खोलेगा, उसको पता चले क्या काम हुआ है."

पहिले हसले ते इन्स्पेक्टर. मग सगळेच हसायला लागलो, नको इतके. मोहिंदरजी मात्र झाडाखालीच खाली बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. इन्स्पेक्टर त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवून काहीतरी पंजाबीत बोलले, मला ते ऐकू आलं नाही. जीपकडे जाताना मधेच थांबून ते बाईंकडे परतले. "मॅडमजी, एक बात पूछनी थी. घर में फ्रिज है, बहुत खड़खड़ करता है."

"दीवार से चिपका के रखा होगा," बाई म्हणाल्या. "एक हाथ आगे सरकाओ. और हिलता हो तो पैर के नीचे डिब्बे का गत्ता लगाओ."

त्यानंतर आठवडाभर मोहिंदरजी ट्रान्झिस्टर आणेनात. हॉकीचे सामने चालू होते तरी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मन नहीं करता, भैणजी." बाईंना हे कळलं तेव्हा त्या स्टोअरमध्ये जाऊन त्यांच्यावर चक्क ओरडल्या. दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर आणवून घेतला. दुपारच्या सुट्टीत संस्थेच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी एका बारीक ब्रशनं पांढऱ्या ऑइल पेंटनं त्याच्या पाठीवर मोहिंदरसिंगांचं नाव लिहायला घेतलं. गुरुमुखीत मोहिंदरजींनी कागदावर काढून दिलं होतं, ते गिरवलं. खाली हिंदीत. त्याखाली इंग्रजीत. मोहिंदरजी शेजारी उभे राहून बघत होते.

मी बाजूच्या पायरीवर बसले होते. कित्येक दिवस मनात घोळत होतं ते मी मराठीत विचारलं. "बाई, टूथपेस्टची टोपणं काय, सगळ्यांची सारखीच. दुसऱ्याच कुणाचा रेडिओ असता म्हणजे? तुम्हाला त्या दिवशी इतक्या लांबून टोपण नक्की दिसलं होतं?"

बाई ब्रश पेंटमध्ये बुडवत म्हणाल्या, "दिसतं कुठलं? माझा चष्मा आत टेबलावर राहिला होता नं. मला तर बाकसुद्धा धड दिसत नव्हता."

मला त्यांनी धरून ठेवलेली ती बाही आठवली. "मग?"

"मग काय? ते म्हणाले नं, माझा आहे म्हणून."

मोहिंदरजींनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "क्या कह रही हैं मॅडमजी?"

"कह रही हूँ, इसके सेल कमजोर हो गए हैं," बाई म्हणाल्या आणि शेवटचं अक्षर पुरं करून रेडिओ त्यांच्या हातात दिला. "पेंट को हाथ मत लगाना."

मोहिंदरजींनी तो जपून कानाशी नेला, बटण फिरवलं, ऐकलं. "सही कहती हैं," म्हणाले, आणि नवे सेल आणायला भरउन्हात बाजाराच्या वाटेला लागले. रेडिओ त्यांनी कडेनं दोन बोटांत धरला होता, पाठ वर करून, नाव वाळावं म्हणून.